मोटारीचा मालक आणि त्याच्या हातांतील पाना



आजच्या भाषणाचा विषय मोटारीचा असला तरी तो मोटार चालविणाऱ्यांपुरताच आहे असें कृपा करून समजूं नये. एखादें यंत्र विकत घेणाऱ्या मनुष्यास तें उघडून पाहण्याची, त्यांतील बिघाड ओळखण्याची आणि तो स्वतःच्या हातानें दूर करण्याची मुभा कितपत असावी, हा त्यामागील खरा प्रश्न होय. न्यायमंदिरें आणि विधिमंडळें यांच्या दारीं हा प्रश्न अलीकडे पोंचला. त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें अमेरिकेंतील शेतकरी, कारकून आणि शाळामास्तर तो आपापल्या अंगणांत, कोठारांत, गाडीखालीं उताणे पडून सोडवीत होते.

या इतिहासाचा धागा हातीं धरण्यासाठीं एका विशिष्ट मोटारीचा आधार घेणें सोयीचें पडतें. ती मोटार म्हणजे जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले शाखेनें १९३५ सालच्या नमुन्यांत बाजारांत आणलेली 'सबर्बन'. मालमोटारीच्या सांगाड्यावर बसविलेली, आठ माणसें आणि त्यांचें सामान पोटांत घेणारी ही अवजड गाडी आजहि त्याच नांवानें तयार होते. अमेरिकन मोटारींत इतकें दीर्घायुष्य दुसऱ्या कोणत्याहि नांवास लाभलेलें नाहीं. नांवाप्रमाणें त्या गाड्याहि चिवट. वीस-पंचवीस वर्षांची, रंग उडालेली सबर्बन आणि रविवारीं सकाळीं तिच्याखालून बाहेर आलेले मालकाचे दोन पाय, हें दृश्य त्या देशांत कोणास नवलाचें वाटत नाहीं. नवी मोठी गाडी घेणें सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळें लोक जुन्याच गाड्या जपून वापरतात. अमेरिकेच्या रस्त्यांवरील मोटारींचें सरासरी वय आज बारा वर्षांच्या वर गेलेलें आहे. हौसेपेक्षां पैशाच्या ओढीनेंच बहुतेकांच्या हातीं पाना येतो, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

परंतु सबर्बनच्या जन्मापूर्वीं हा पाना मालकाच्या हातीं मुद्दाम देणारा एक कारखानदार होऊन गेला. हेन्री फोर्ड यांची 'टी' नमुन्याची मोटार १९०८ च्या ऑक्टोबरांत विक्रीस आली आणि १९२७ पर्यंत ती दीड कोटींहून अधिक संख्येनें तयार झाली. आरंभीं साडेआठशें डॉलरांच्या आसपास असलेली तिची किंमत पुढें तीनशेंच्याहि खालीं उतरली. ती घेणारा मोठा वर्ग शेतकऱ्यांचा होता. गांवोगांवीं लोहार असे. मोटारीचा मिस्तरी कोठून असणार? मात्र कापणीच्या आणि मळणीच्या यंत्रांशीं झटापट करण्याची या शेतकऱ्यास संवय होती, आणि फोर्डची गाडी जणूं ती संवय हिशेबांत धरूनच आंखलेली होती.

तिचीं चारहि सिलिंडरें एकाच ओतीव ठोकळ्यांत असत, पण त्यांवरील झांकण निराळें आणि सुटें होतें. ही बाब क्षुल्लक वाटेल. त्या काळच्या पेट्रोलनें आणि वंगणतेलानें सिलिंडरांच्या माथ्यावर काजळी धरे, झडपा नीट बसत नाहींशा होत आणि गाडी चढावर धापा टाकूं लागे. झांकण सुटें असल्यामुळें कांहीं बोल्ट काढले कीं दट्ट्यांचे माथे आणि झडपा डोळ्यांसमोर येत; काजळी खरवडावी, झडपा घासून बसवाव्या, झांकण पुन्हां आंवळावें, कीं गाडी पूर्ववत्. पेट्रोलची टांकी पुढील बैठकीखालीं असे. माप दाखविणारा कांटा नव्हता, म्हणून बैठक उचलून टांकींत काठी बुडवून पाहावें लागे. वंगणतेल पाहण्यासाठीं गाडीखालीं शिरून दोन लहान तोट्या तपासाव्या लागत. वरच्या तोटींतून तेल आलें तर पुरेसें आहे. वरच्या तोटींतून आलें नाहीं आणि खालच्या तोटींतून आलें, तर तें घालण्याची वेळ झाली. खालचीहि कोरडी असेल तर यंत्र सुरूच करूं नये. पेट्रोल पंपानें न येतां केवळ उतारानें यंत्राकडे वाहत असे. त्यामुळें टांकींत तेल थोडें असतां चढण लागली कीं यंत्रास तें पोंचेना. मग लोक गाडी फिरवून उलटी वर नेत. हॅन्डल फिरवितांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, दांड्याला वेढा घालूं नये, असें प्रत्येकास बजावलेलें असे, कारण यंत्रानें उलटा झटका दिल्यास मनगट मोडे. अनेकांचीं मोडलींहि.

या गाडीबरोबर मालकास एक पुस्तिका मिळत असे. ती प्रश्नोत्तररूपानें लिहिलेली होती. गाडी सुरू करण्यापूर्वीं काय पाहावें, पाणी किती असावें, यंत्र अडखळूं लागल्यास कारण कोठें शोधावें, असे एकामागून एक प्रश्न आणि खालीं त्यांचीं साध्या भाषेंतील उत्तरें. शिक्षकीच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास या पुस्तिकेचें महत्त्व चटकन् जाणवतें. ज्यास विषयाची नांवेंहि ठाऊक नाहींत त्याच्या मनांतील प्रश्न त्याच्याआधीं ओळखून लिहिणें, हें अध्यापनाचें सर्वांत अवघड अंग होय. फोर्डच्या नांवाबरोबर सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याच्या १९१३ सालच्या युक्तीचा उल्लेख प्रत्येक क्रमिक पुस्तकांत असतो. या पुस्तिकेचा क्वचितच. माझ्या मतें ती युक्ति कारखान्याची होती, आणि ही पुस्तिका लोकांची. लक्षावधि माणसांनीं आपल्या आयुष्यांत वाचलेलें यंत्रशास्त्राचें पहिलें पुस्तक हेंच असावें.

पुस्तिकेच्या जोडीस सुटे भाग हवेतच. कॅन्सस सिटी शहरीं जॉर्ज पेपरडाइन नांवाच्या तरुणानें १९०९ सालीं तुटपुंज्या भांडवलावर टपालानें मोटारीचे भाग विकण्याचा धंदा काढला. तोच पुढें 'वेस्टर्न ऑटो' या नांवानें देशभर पसरला. आडगांवच्या शेतकऱ्यानें पत्र टाकावें आणि आठवडाभरानें टपालवाल्यानें दारीं पुडकें आणून द्यावें, अशी सोय झाल्यावर दुरुस्तीचा कारखाना आपल्या घरींच आला.

आतां सबर्बनकडे वळूं. तिच्या आधीं कुटुंब आणि सामान एकत्र वाहणाऱ्या ज्या 'स्टेशन वॅगन' मोटारी असत, त्यांचा मागील भाग लांकडी असे. दिसावयास त्या सुंदर, पण लांकूड म्हटलें कीं पावसानें फुगणें, उन्हानें आकसणें, सांधे कुरकुरणें हें आलेंच. दरसाल घासून नवें व्हार्निश द्यावें लागे, सैल झालेले स्क्रू पिळावे लागत. मालकास त्या बाबतींत सुताराचें काम करावें लागे. सबर्बनचें शरीर संपूर्ण पोलादी पत्र्याचें होतें. सुतारकाम संपलें, आणि त्याच्या जागीं गंजाशीं सामना सुरू झाला. तो आजतागायत चालूं आहे. हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं ज्या प्रांतांतून रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथें चाकांवरील कमानी आणि दारांखालील पट्टे आधीं जातात. वरून रंगाचा बारीक फोड दिसावा आणि टोंचून पाहतां आंतून पत्रा चाळणीसारखा निघावा, हा अनुभव समुद्रकांठीं राहणाऱ्या आपल्या कोंकणवासीयांसहि नवा नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें जुन्या गाडीची मशागत हें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें. १९४२ च्या जानेवारींत अमेरिकेंत टायरांवर नियंत्रण आलें आणि फेब्रुवारींत सामान्य नागरिकांसाठीं मोटारी तयार करणेंच बंद झालें. रबर वांचावें म्हणून वेगमर्यादा ताशीं पस्तीस मैलांवर आणली गेली. नवी गाडी कोणत्याहि किंमतीस मिळेना, तेव्हां असेल ती गाडी टिकविण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. सबर्बन मात्र लष्कराच्या सेवेंत रुजूं झाली होती. येथें एक गोष्ट ओघानें सांगावयास हरकत नाहीं. शेव्हरोले हें नांव आपल्या मुंबईसहि तेव्हां परकें नव्हतें. याच कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें कारखाना काढून परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला होता. तो १९५४ सालीं बंद झाला.

युद्धानंतर या गाड्यांच्या बॉनेटखालीं जें यंत्र आलें, त्याच्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे. एड कोल या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखालीं शेव्हरोलेनें १९५५ सालीं आठ सिलिंडरांचें, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचें एक आटोपशीर यंत्र काढलें. तें आरंभीं २६५ घनइंचांचें होतें. १९६७ पर्यंत तें ३५० घनइंचांचें, म्हणजे आपल्या मापानें सुमारें पावणेसहा लिटरांचें झालें, आणि सबर्बनच्या पुढील अनेक पिढ्यांत तेंच बसत राहिलें. यंत्राची मूळ ठेवण दशकानुदशकें बदलली नाहीं. त्यामुळें एका गाडीचा भाग दुसरीस लागे, बापाचें ज्ञान मुलास उपयोगी पडे. आठ सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा. आपल्याकडील मुलें पावकी-निमकी म्हणत तसा हा क्रम तिकडील पोरांस तोंडपाठ असे, कारण प्लगच्या आठ तारांपैकीं दोनांची जरी अदलाबदल झाली तरी यंत्र खोकूं लागे.

या यंत्राच्या ठिणगीची व्यवस्था डिस्ट्रिब्यूटर नांवाच्या डबींत असे. आंत दोन बारीक धातूचे बिंदु, ज्यांस आपले मिस्तरी 'पॉइंट' म्हणतात, एकमेकांस चिकटत आणि सुटत; त्यांमधील फट नेमकी असेल तरच ठिणगी जोमदार पडे. बिंदु झिजत, फट बदले, आणि कांहीं हजार मैलांनीं ती पुन्हां लावावी लागे. इतर गाड्यांत त्यासाठीं डबी उघडून, फिलर गेजची पातळ पट्टी घालून, यंत्र थोडें थोडें फिरवून बघण्याचा खटाटोप करावा लागे. शेव्हरोलेनें १९५७ पासून या डबीच्या झांकणास एक सरकती खिडकीच ठेवली. यंत्र चालूं असतांना खिडकी वर करावी, आंत षट्कोनी किल्ली घालावी, यंत्र अडखळूं लागेपर्यंत ती फिरवावी, आणि मग अर्धा फेरा मागें घ्यावी. फट बरोबर बसली. यास उपकरण कोणतें? एक किल्ली आणि एक कान. कारखान्यांतील कोणा अभियंत्यानें कागदावर आकृति काढतांना दूर कोठें तरी अंगणांत वांकून उभ्या असलेल्या अनोळखी मालकाचा विचार केला होता, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाहीं.

१९७५ च्या सुमारास पॉइंट गेले आणि त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक योजनेनें घेतली. ठिणगी अधिक जोरकस झाली, दर कांहीं महिन्यांनीं फट लावण्याची कटकट संपली, आणि खिडकीहि गेली. यांत मालकाचें नुकसान झालें असें म्हणतां येणार नाहीं. जें बिघडत नाहीं तें दुरुस्त करण्याचा हक्क मागणें वेडेपणाचें होईल. हें सांगण्याचें कारण असें कीं, जुन्या यंत्रांचे कांहीं भक्त प्रत्येक सुधारणेस फसवणूक समजतात, आणि त्यांच्या कंठशोषांत खरी तक्रार ऐकूं येईनाशी होते.

याच सुमारास पुस्तकांचें दुसरें युग आलें होतें. त्याचा उगम इंग्लंडांत. १९३८ सालीं सिंहलद्वीपांत जन्मलेला जॉन हेन्स हा विद्यार्थी सटन व्हॅलन्स येथील शाळेच्या वसतिगृहांत राहत असतां त्यानें जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीपासून एक नवी गाडी बनविली, आणि ती कशी बनविली याची पुस्तिका छापून विकली. मैदानी खेळांतून सूट देऊन त्यास या उद्योगासाठीं वेळ देण्याचें शहाणपण त्याच्या शिक्षकांनीं दाखविलें, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढें तो हवाईदलांत गेला. एडन येथें असतां सहकाऱ्याच्या मोडक्या 'ऑस्टिन हीली स्प्राइट' गाडीचें यंत्र उघडतांना कंपनीचें अधिकृत पुस्तक सामान्य मालकाच्या कांहीं उपयोगाचें नाहीं, हें त्याच्या ध्यानीं आलें. तें पुस्तक कुशल कारागिरासाठीं लिहिलेलें होतें. हेन्सनें प्रत्येक टप्प्यावर छायाचित्रें घेत गाडी उघडली आणि जोडली; १९६६ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि हातोहात खपलें. पुढें निघालेल्या सगळ्या पुस्तकांची रीत हीच राहिली: प्रत्यक्ष गाडी आणावयाची, शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलावयाची, पुन्हां उभी करावयाची, आणि जें हातांनीं केलें तेंच लिहावयाचें. शेव्हरोलेच्या मालमोटारींची आणि सबर्बनची पाळीहि या मालेंत यथाकाल आली. अमेरिकेंत १९६९ सालीं जॉन म्यूर यांचें फोक्सवॅगनवरील पुस्तक निघालें, तें तर यंत्राचें नांव ऐकूनच घाबरणाऱ्या वाचकासाठीं मुद्दाम लिहिलेलें होतें. फोर्डची प्रश्नोत्तरी कारखानदारानें दिली होती. हीं पुस्तकें कारखानदाराच्या बाहेर, एका मालकानें दुसऱ्या मालकासाठीं लिहिलीं. सूत्र एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें तें येथें.

१९७३ सालीं सबर्बनला चार दरवाजे मिळाले. तत्पूर्वींच्या नमुन्यास चालकाच्या बाजूस एक आणि पलीकडे दोन असे तीनच होते. हा नवा घाट १९९१ पर्यंत फारसा बदलला नाहीं, आणि त्या घराण्यांतील लहान मालमोटारींशीं तिचे पुढील पत्रे, बॉनेट, यंत्र, ब्रेक असें पुष्कळ कांहीं समान होतें. याचा फायदा भंगारवाल्यांच्या आवारांत दिसे. तेथें प्रवेशापुरते थोडे पैसे देऊन, आपलीं हत्यारें आपण नेऊन, पाहिजे तो भाग स्वतः काढून आणावा, अशी चाल आहे. अपघातांत मागून चेंगरलेल्या मालमोटारीचा शाबूत पुढचा भाग गंजलेल्या सबर्बनचें आयुष्य दहा वर्षांनीं वाढवूं शके.

यापुढील हकीकत दिव्याची. शहरांच्या हवेंतील धुरावर निर्बंध आले, तसें यंत्रावर लक्ष ठेवणारें एक लहान गणकयंत्र गाडींत बसलें, आणि कांहीं चुकलें कीं चालकापुढें एक पिवळा दिवा लागूं लागला. पण चुकलें काय? १९९५ पर्यंतच्या या गाड्यांत त्याची एक मौजेची युक्ति होती. चालकाच्या पायांवर, फळीखालीं, एक जोडणीची पेटी असे. तिच्यांतील दोन ठराविक घरें कागद अडकविण्याच्या साध्या तारेच्या क्लिपनें जोडावीं आणि किल्ली फिरवावी, परंतु यंत्र सुरू करूं नये. मग तोच दिवा उघडझांप करूं लागे. एक लुकलुक, विराम, दोन लुकलुकी, म्हणजे बारा; हा आंकडा प्रथम तीनदां येई, त्याचा अर्थ गणकयंत्र जागें आहे. पुढील आंकडे बिघाडाचे. तारायंत्राचे संदेश घेणाऱ्या जुन्या तारमास्तराप्रमाणें मालक कागद-पेन्सिल घेऊन बसे आणि पुस्तकांतील कोष्टकांत आंकडा शोधी. १९९६ पासून कायद्यानें सर्व गाड्यांस एकाच प्रकारची सोळा टांचण्यांची पेटी आणि सर्वांचे सामान्य बिघाड सांगणारी एकच सांकेतिक भाषा आली. क्लिपची विद्या त्या दिवशीं निरुपयोगी झाली, आणि आंकडे वाचणारें लहानसें यंत्र विकत घेणें भाग पडलें. तें पुढें स्वस्त झालें हें खरें.

या आंकड्यांविषयीं एक इशारा सर्व जाणते लोक देतात. आंकडा रोगाचें नांव सांगत नाहीं. तो फक्त तक्रार सांगतो. 'पी ०१७१' म्हणजे यंत्रास पेट्रोलच्या मानानें हवा जास्त मिळत आहे, एवढेंच. ती फाटक्या रबरी नळींतून शिरत असेल, जीर्ण झालेल्या गॅसकेटमधून शिरत असेल, किंवा हवा वाजवीच असून थकलेला पंप पेट्रोलच कमी देत असेल. वर्गांत पोट दुखतें म्हणून सांगणारा मुलगा खोटें बोलत नसतो; पण दुखणें पोटाचें आहे कीं न केलेल्या गणितांचें, तें मास्तरांनाच शोधावें लागतें. आंकडा पाहून भाग बदलीत सुटणाऱ्यांचे पैसे दुकानदाराच्या घरीं जातात.

पंपाचा उल्लेख आलाच आहे तर त्याची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजच्या विषयाचें मर्म मला तिच्यांत दिसतें. जुन्या सबर्बनचा पेट्रोल पंप यंत्राच्या कुशीस दोन बोल्टांनीं अडकविलेला असे. तो गेला तर अर्ध्या-पाऊण तासांत नवा बसे. पुढें इंधन दाबानें फवारण्याची पद्धत आली आणि पंप विजेचा झाला. तो टांकीच्या आंत, पेट्रोलमध्यें बुडवून ठेवला गेला. त्यास कारण होतें. पेट्रोलमध्यें बुडालेला पंप थंड राहतो, त्याचा आवाज येत नाहीं, आणि इंधन दुरून ओढण्यापेक्षां जवळून ढकलणें त्यास सोपें जातें. कारखानदाराच्या मनांत कपट होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु १९९२ ते १९९९ च्या सबर्बनची टांकी मागील फळीखालीं असून तिच्यांत दीडशें लिटरांहून अधिक पेट्रोल मावे. पंप बदलावयाचा तर टांकी रिकामी करावी, खालून जॅकचा आधार द्यावा, पट्टे सोडावे, नळ्या आणि तारा हलक्या हातानें सुट्या कराव्या, आणि तें धूड खालीं उतरवावें. पट्ट्यांचे बोल्ट मिठानें खाल्लेले असले तर ते निघण्याऐवजीं तुटतात. आणि हें सर्व मुठींत मावेल एवढ्या पंपासाठीं.

तेव्हां कांहीं मालकांनीं काय केलें? गाडीच्या आंत, मागील गालिचा उचलून, पंपाच्या नेमक्या वरची जागा मोजून काढली आणि तेथील पत्रा तीन बाजूंनीं कापून दार उघडल्यासारखा वर केला. हात खालीं घालून पंप बदलला, वर दुसऱ्या पत्र्याचें झांकण स्क्रूंनीं बसविलें, कडांस लुकण भरलें. दिवसभराचें काम दोन तासांत झालें, आणि पुढील वेळेस तर अर्ध्या तासांत होणार. हा मार्ग धोक्याचा आहे. पेट्रोलच्या वाफेजवळ पत्रा कापणाऱ्या यंत्राची एक ठिणगी पडली तर मालक, गाडी आणि घर तिन्हींची राख होईल, आणि झांकण नीट बसलें नाहीं तर धुराड्याचा विषारी वायु आंत बसलेल्या मुलाबाळांपर्यंत येईल. मी कोणास तो सुचविणार नाहीं. पण इतिहासाचा साधा वाचक या नात्यानें त्या कापलेल्या चौकोनाकडे मी टक लावून पाहतों. १९५७ सालीं कारखानदारानें आपण होऊन खिडकी ठेवली होती. चाळीस वर्षांनीं मालकास ती छिन्नी-कात्रीनें स्वतः पाडावी लागली. इतर कित्येक मोटारींत मागील बैठकीखालीं अशी झडप कारखान्यांतूनच येते, म्हणजे ती ठेवणें अशक्य होतें असेंहि नाहीं.

धोक्याविषयीं आणखी दोन शब्द बोलणें माझें कर्तव्य आहे, कारण जुन्या काळाची वर्णनें करणारे ही बाजू गाळतात. दोन-अडीच टनांची गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखालीं शिरणाऱ्यांपैकीं कित्येक परत बाहेर आले नाहींत. जॅक उचलण्यासाठीं आहे, भार पेलण्यास खालीं लोखंडी घोडे हवेत. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकून उडविणारे मालक आणि कारागीर फुप्फुसांच्या असाध्य रोगांस बळी पडले. काढलेलें काळें तेल पूर्वीं सर्रास परसांत, गटारांत, धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यावर ओततात तसें ओतलें गेलें आणि विहिरींच्या पाण्यांत उतरलें. आतां तें गोळा करून पुन्हां शुद्ध करण्याची सोय आहे. कारखानदार जेव्हां म्हणतो कीं मालकाच्या हातीं सर्व सोंपविणें सुरक्षित नाहीं, तेव्हां त्याच्या बोलण्यांत तथ्याचा अंश असतो. मात्र लोक चुकतात म्हणून त्यांस शिकवूं नये, असें या देशांत किंवा त्या देशांत कोणत्याहि शाळेनें अजून म्हटलेलें नाहीं.

आतां कायद्याचा भाग. १९७५ सालीं अमेरिकेंत 'मॅग्नुसन-मॉस' कायदा झाला. मालकानें दुरुस्ती दुसरीकडे केली अथवा दुसऱ्याचा भाग बसविला, एवढ्याच कारणावरून हमी रद्द करण्यास त्यानें सर्वसाधारणपणें मनाई केली. तो काळ लोखंडाचा होता. पुढें यंत्राचें नियंत्रण गणकयंत्राच्या आज्ञावलीकडे गेलें आणि तिला कुलपें लागलीं. १९९८ सालच्या एका कायद्यान्वयें अशीं कुलपें फोडणें हाच गुन्हा ठरूं लागला. म्हणजे पुस्तकें आणि चित्रपट यांच्या चोरीविरुद्ध केलेला कायदा, आणि तो अंगणांत वांकलेल्या गाडीमालकाच्या पाठीवर पडला. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांनीं २०१२ सालीं मोठ्या बहुमतानें असा निर्बंध संमत केला कीं, कंपनी आपल्या अधिकृत विक्रेत्यांस दुरुस्तीची जी माहिती आणि साधनें पुरविते तीं मालकांस आणि स्वतंत्र कारागिरांसहि वाजवी किंमतीस मिळालीं पाहिजेत. एका राज्यासाठीं निराळी व्यवस्था ठेवणें कठीण, म्हणून १९१४ नव्हे, शंभर वर्षांनंतर २०१४ सालीं मोटार कंपन्यांनीं देशभरासाठीं तशा अर्थाचा करार मान्य केला. तोंपर्यंत गाड्या बिनतारी पद्धतीनें आपली प्रकृति थेट कंपनीस कळवूं लागल्या होत्या; त्या माहितीवर मालकाचाहि हक्क असावा, असें त्याच राज्यांतील सुमारें तीन चतुर्थांश मतदारांनीं २०२० सालीं सांगितलें, आणि कंपन्यांनीं लागलीच न्यायालयाची पायरी चढली.

राहतां राहिला १९९८ च्या कायद्याचा प्रश्न. त्याच्या कक्षेंतून मोटारींची दुरुस्ती वगळावी, असा अर्ज झाला आणि २०१५ सालीं वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अधिपतींनीं तो मान्य केला. स्वतःच्या मोटारीची तपासणी व दुरुस्ती यांसाठीं मालकानें आज्ञावलीचें कुलूप उघडल्यास तो गुन्हा नव्हे, असें ठरलें. मोटारीच्या पान्याची परवानगी ग्रंथपालाकडून यावी, ही गंमत पाहण्यासारखी आहे. ती परवानगी तीन वर्षांपुरतीच असते. मुदत संपत आली कीं अर्ज पुन्हां करावा लागतो, कारणें पुन्हां मांडावीं लागतात. २०१८, २०२१ आणि २०२४ सालीं तो पुन्हां करण्यांत आला आणि प्रत्येक वेळीं मंजूर झाला.